शब्दांचे खेळ आणि इंग्रजीची भीती



एक नेहमीचा प्रसंग सांगून आरंभ करतो. शालान्त परीक्षेत इंग्रजीला बरे गुण मिळवलेला आपल्याकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी सकाळची कर्जत लोकल पकडून मुंबईला मुलाखतीसाठी जाते. समोरचे गृहस्थ साधेच प्रश्न विचारतात. प्रश्न समजतो, उत्तरही मनात असते. पण ते ज्या शब्दांत सांगायचे ते शब्द नेमके त्याच वेळी दडी मारून बसतात. संध्याकाळी परतीच्या गाडीत नेरळ येईपर्यंत एकेक शब्द आठवू लागतो आणि मग हळहळ वाटते. घरी आल्यावर मंडळी म्हणतात, 'इंग्रजी कच्चे आहे.' मला वाटते, हे निदान चुकीचे आहे, आणि चुकीच्या निदानामुळे पुष्कळ मुले आयुष्यभर नको इतकी मागे राहतात.

त्या मुलाजवळ शब्द नव्हते असे नाही. कणगीत भात भरलेले होते. पण पाने मांडल्यावर ते ताटात यायचे तर आधी कांडावे लागते, निवडावे लागते, शिजवावे लागते. वाचताना जो शब्द आपण ओळखतो तो कणगीतला. बोलताना जो आपसूक जिभेवर येतो तो ताटातला. आपल्या शाळांतून कणगी भरण्याची सोय पुष्कळ झाली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. तरी अडचण संपली नाही, कारण कांडण्या-शिजवण्याचे काम राहूनच गेले. ते काम खेळाने होते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

खेळाने का व्हावे? पाठांतराने का नाही? अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या काहींनी तो एकदा वाचून मिटवला आणि आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर पाहिले तर पारडे फिरले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. शब्द डोळ्यांखालून दहा वेळा जाण्याने तो आपला होत नाही, तो मनातून एकदा ओढून काढावा लागतो. कोडे घातले की आपण हेच करतो. उत्तर समोर नसते, ते आतून आणावे लागते.

जुन्या पिढीतील श्रोत्यांना तर्खडकरांची भाषांतरपाठमाला आठवत असेल. आज तिची थट्टा होते. पण तिच्यात एक मोठा गुण होता: ती नुसती शब्दांची यादी देऊन थांबत नसे, त्या शब्दांची वाक्ये करायला लावी. म्हणजे आठवायला लावी. कंटाळा हा तिचा दोष असेल. पद्धत खोटी नव्हती.

आता खेळ सांगतो. पैसा लागत नाही. सोबती मात्र लागतात.

पहिला खेळ आपल्या भेंड्यांचाच. कवितेच्या जागी इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याच्या स्पेलिंगातल्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करायचा. एकजण म्हणाला 'टेबल'. कानाला शेवटी ल ऐकू येतो, पण लिहिताना शेवटी 'ई' आहे. म्हणून पुढचा शब्द 'इंजिन'. त्याच्याही शेवटी पुन्हा 'ई'च. मग 'एक्झिट'. त्याच्या शेवटी 'टी', म्हणून 'टनेल', म्हणजे आपला बोगदा. त्याच्या शेवटी 'एल', म्हणून 'लाइन'. आपली लिपी बहुतेक जसे बोलावे तसे लिहिते. इंग्रजी तसे करत नाही, आणि मराठी मुलाची निम्मी भीती येथेच आहे. या भेंड्यांत न उच्चारलेली अक्षरे आपोआप लक्षात राहतात, कारण ती विसरणाऱ्यावर भेंडी चढते.

याच जातीचा दुसरा खेळ 'ॲलिस'च्या अद्भुत कथा लिहिणाऱ्या लुइस कॅरलने १८७७ साली काढला. एका शब्दातले दर वेळी एकच अक्षर बदलायचे आणि खऱ्या शब्दांच्या पायऱ्यांनी दुसऱ्या शब्दापर्यंत पोचायचे. मांजराचा कुत्रा करायचा असेल तर 'कॅट', मग 'कॉट', मग 'कॉग', मग 'डॉग'. 'कॉग' म्हणजे चाकाचा दाता हे नवे कळले. आणि 'कॉट' तर मूळचा आपलाच. आपल्याकडच्या 'खाट' शब्दावरून तो इंग्रजीत गेला आहे. 'माँगूस' हा शब्दही मराठी 'मुंगूस'वरून गेला. इंग्रजी ही परक्याची तिजोरी आहे असे मानून जो बिचकतो, त्याला त्या तिजोरीत आपली दोन भांडी सापडली म्हणजे धीर येतो.

तिसरा खेळ 'एक शब्द, किती अर्थ?' हा खेळ कर्जत स्टेशनावर फार चांगला शिकता येतो. घाट चढणाऱ्या पुष्कळ गाड्यांना येथे मागून जादा इंजिने जोडतात, आणि ती जोडेपर्यंत प्रवासी वडे घेतात. त्या इंजिनाला रेल्वेची माणसे 'बँकर' म्हणतात. हा बँकर पैसे देत नाही, नुसता मागून रेटा देतो. शिवाय 'बँक' म्हणजे उल्हास नदीचा काठही. समोरच्या डोंगराकडे पाहा. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या काळ्या खडकाला भूगोलात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' म्हणजे सापळा एवढेच ज्याला पाठ, तो येथे फसतो. हा 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. खोपोलीला या. १९१५ पासून तेथे टाटांचे वीजघर आहे. डोंगरावरचे पाणी तेथे ज्या नळांतून खाली उतरते त्यांना 'पेनस्टॉक' म्हणतात. त्यातले 'पेन' लिहिण्याचे नव्हे. पाणी अडवण्याच्या जागेचे ते नाव आहे. गुरांच्या कोंडवाड्यालाही इंग्रजीत 'पेन'च म्हणतात. शब्दाचा अर्थ कोशात एकटा बसलेला नसतो, तो शेजारच्या शब्दांवरून ठरतो, हे या खेळाने मनावर ठसते.

चौथा खेळ कुळांचा. संस्कृत शिकलेल्यांना ठाऊक आहे की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सारे एकाच धातूचे, नुसते उपसर्ग बदललेले. इंग्रजीतही असेच आहे. लॅटिनमध्ये वाहून नेण्याला जो धातू आहे त्याच्यापासून 'पोर्टर' म्हणजे हमाल झाला. 'इम्पोर्ट' म्हणजे आत आणणे, 'एक्स्पोर्ट' म्हणजे बाहेर नेणे, 'ट्रान्सपोर्ट' म्हणजे येथून तेथे नेणे. आता 'ट्रान्स' हा उपसर्ग उचला. 'ट्रान्सफर' म्हणजे बदली, 'ट्रान्सलेट' म्हणजे एका भाषेतून दुसरीत नेणे. आणि 'ट्रान्सप्लांट'? मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने हा शब्द आपल्या कानांवर पडतो आणि फार मोठा वाटतो. पण आवणातले रोप उपटून चिखलात लावणे, म्हणजे आपली भाताची लावणी, तिलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याच्या मुलाला शब्द ठाऊक नसेल, पण ती क्रिया त्याने गुडघाभर चिखलात उभे राहून केलेली असते. ज्याला वस्तू ठाऊक आहे त्याला नाव शिकवणे सोपे असते. शेतातले भात 'पॅडी', तांदूळ 'राइस' आणि शिजवलेला भातही 'राइस'. तूस 'हस्क', कोंडा 'ब्रॅन', पेंढा 'स्ट्रॉ'. एका खळ्यावर इतके शब्द सापडतात. आणि 'राब' भाजण्याला एकच एक इंग्रजी शब्द मिळाला नाही, तर त्यात आपला कमीपणा नाही. इंग्रज अंमलदारांनीही आपल्या कागदपत्रांत 'राब' असेच लिहिले.

माथेरान तर आपल्या तालुक्यातच आहे. तेथली ठिकाणे म्हणजे एक उघडे पुस्तक आहे: 'एको' म्हणजे पडसाद, 'पॅनोरमा' म्हणजे चौफेर देखावा, 'पॉर्क्युपाइन' म्हणजे साळिंदर. मुलांना घेऊन जाल तेव्हा नुसते पॉइंट मोजू नका, प्रत्येक नावाचे कोडे घाला.

आता दोन पथ्ये सांगतो; ती पाळली नाहीत तर हे सारे खेळ करमणुकीपुरतेच राहतील. पहिले पथ्य हे की शब्द वाक्यात बसवून दाखवल्याशिवाय गुण द्यायचा नाही. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात १९१३ साली आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे छापून आले. तेव्हापासून जगात कोडी सोडवणारे तरबेज लोक पुष्कळ झाले. पण कोड्यात कधीकधी असा शब्द लागतो की जो घरात, कचेरीत, बाजारात जन्मात लागत नाही. अमेरिकेत १९२५ पासून स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि गेली कित्येक वर्षे आपल्या भारतीय वंशाची मुले तीत चमकतात. कौतुकच आहे, पण तो एक मर्दानी खेळ आहे, रोजचा व्यायाम नव्हे. रोजच्यासाठी थोडे शब्द पुरतात. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला अध्यापकांच्या महाविद्यालयात काम करत असत. मुलांच्या पुस्तकांत कोणते शब्द आधी यावेत याचा त्यांनी वर्षानुवर्षे विचार केला आणि १९५३ साली सुमारे २००० नित्य उपयोगाच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली. दिवसाला पाच शब्द धरले तर हे काम एका वर्षाहून थोडे अधिक दिवसांचे आहे. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला आपले स्वतःचे वाक्य. आज पाहिलेली चिठ्ठी उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा काढायची. चुकली तर ती पुन्हा उद्याच्या गठ्ठ्यात.

दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे: चुकणाऱ्याला हसायचे नाही. मी सातवीत असताना 'नाइफ' हा शब्द 'क्नाइफ' असा वाचला होता. वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात इंग्रजी मोठ्याने वाचले नाही. त्या हसण्याने माझा एक शब्द दुरुस्त झाला आणि शेकडो शब्द अडकून पडले. खेळात मात्र चुकणे हा खेळाचाच भाग असतो. भेंडी चढली म्हणून कुणाची अब्रू जात नाही, तो पुढच्या डावाला बसतो. भीती घालवण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

मराठीचे काय, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. वर जे खेळ सांगितले त्यांतला एकही मराठीवाचून खेळता येत नाही, हे आपल्या लक्षात आलेच असेल. साळिंदर ठाऊक नसलेल्या मुलाला 'पॉर्क्युपाइन' सांगून काय मिळणार? ज्याचे मराठी शब्दधन भरपूर आहे त्यालाच इंग्रजी शब्द लवकर जडतात.

कर्जतहून मुंबईला जायला सुमारे दोन तास लागतात आणि यायला दोन. रोज जाणारी शेकडो मंडळी या सभागृहातही असतील. त्या चार तासांतली वीस मिनिटे, तीनचार सोबती आणि खिशात दहा चिठ्ठ्या, एवढ्यावर हा वर्ग भरू शकतो. त्याला ना फी, ना हजेरीपट. उद्या सकाळी गाडी सुटल्यावर कुणीतरी 'टेबल' म्हणावे आणि शेजाऱ्याने 'इंजिन' म्हणून उत्तर द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.