तळघरातला समुद्र आणि कोरडा पाइप

प्रवाळांची टाकी दिवाणखान्यात आणि तिची सारी यंत्रं खाली तळघरात, ही मांडणी अमेरिकेतल्या हौशी मंडळींची आवडती. तिकडच्या कित्येक घरांना तळघर असतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही. टाकीच्या काठावरून सांडणारं खारं पाणी पाइपातून खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, येतं, गाळून निघतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. कौशल्य चढवण्यापेक्षा उतरवण्यात अधिक लागतं.

पाइपातला गुडगुडाट हवेचा. अर्धवट भरलेल्या पाइपातून पडताना पाणी हवा ओढत नेतं आणि तीन मीटर खाली बुडबुड्यांसकट आदळतं. तोच पाइप पूर्ण भरून वाहू लागला, सायफन लागला, की जवळजवळ मुका होतो. पण तीन मीटरच्या उतारावर चाळीस मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप, घर्षण नसतं तर, सेकंदाला साडेनऊ लिटर पाणी नेईल. घर्षणात निम्मं गेलं तरी उरतं ते भरपूर, आणि पंप वर देतो सेकंदाला जेमतेम लिटरभर. मग सायफन हवा गिळतो, तुटतो, पुन्हा लागतो आणि रात्रभर घोरतो.

उपाय म्हणजे पाइपातला प्रवाह पंपाइतका आवळणारा गेट व्हॉल्व्ह, आणि तो तळघरात, सम्पजवळच हवा. वर बसवला तर त्याच्याखालचं पाणी ओढ घेतं, दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि सांध्यांतून हवा शिरते. खाली बसवला की वरचा सगळा पाइप भरलेला राहतो.

तरी पंप आणि व्हॉल्व्ह यांचं माप तंतोतंत जुळत नाही. म्हणून ‘बीनअ‍ॅनिमल’ नावाच्या रचनेत तीन पाइप असतात. पहिल्यात सायफन. दुसरा वरून हवेला खुला. उरलेलं थोडं पाणी त्याच्या भिंतीला धरून गुपचूप उतरतं. याच्या हवानळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित वर ठेवतात. पहिल्यात गोगलगाय अडकली, पाणी चढलं, की नळीचं तोंड बुडतं आणि दुसराही सायफन होतो. ही युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते: ना वीज, ना सेन्सर. तिसऱ्या पाइपाचं तोंड सर्वांत उंच आणि तो एरवी कोरडा; पहिले दोन्ही तुंबले तरच कामाला येतो. जागा वाचवायला तो गाळणं हा शुद्ध वेडेपणा.

वीज गेली की उलटा प्रश्न: पंप थांबतो, पण पाणी उतरत राहतं. १२० बाय ६० सेंटिमीटरच्या टाकीत पातळी तीन सेंटिमीटर उतरली, तर जवळपास २२ लिटर पाणी खाली येतं, पाइपांतलं वेगळं. पाणी पंपाच्या पाइपातून उलटं येऊ नये म्हणून बसवलेल्या एकदिश व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्यात चुनखडी आणि किडे साचतात. तळघरात गालिचा अंथरण्याआधी गोडं पाणी भरून पंपाचा प्लग काढा आणि सम्प कुठवर भरतो ते पाहा.