शटरच्या खोलीचे आरोग्य

वाचकहो, 'गॅरेज' म्हटले की आपल्या अक्कलकोटमध्ये मेकॅनिकचे दुकान डोळ्यांसमोर येते. घरातल्या गाडीच्या जागेला आपण साधेपणाने 'शटरची खोली' म्हणतो. जुन्या माळवदाच्या घरांत ढेळज असे. आता तिच्या जागी ही खोली आली आहे. तेथे दुचाकी असते, इन्व्हर्टरची बॅटरी असते, ज्वारी-तुरीची पोती, फवारणीचा पंप आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले असंख्य जिन्नस असतात. घरातील इतर खोल्यांची रोज झाडलोट होते. हिची आठवण मात्र दिवाळीलाच येते. या खोलीचा आणि आपल्या प्रकृतीचा संबंध किती जवळचा आहे, हे मला एका रुग्णामुळे उमगले.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात बहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पहाटे डोके जड होते, मळमळते, आणि नऊ वाजेपर्यंत आपोआप बरे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती. थंडी, अपुरी झोप, मानेचे मणके अशी कारणे सांगून मी गोळ्या दिल्या. पंधरवड्याने ते पुन्हा आले, तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी मलाही तसंच होतं हो." एकाच घरातील दोन माणसांना एकाच वेळी एकच त्रास होत असेल, तर दोष माणसांत नसून घरात असण्याची शक्यता अधिक. हे मला पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांचा मुलगा रोज साडेपाचला सोलापूरला निघत असे. थंडीत शटर इतके घट्ट होई की ते उचलण्यापूर्वी तो गाडी सुरू करून ठेवी, मग हातातली कामे उरकून शेवटी शटरशी झटापट करी. दहा-पंधरा मिनिटे इंजिन बंद खोलीत चालू राही. त्याच खोलीतून जिना वर जात होता, आणि जिन्याच्या तोंडाशीच आजी-आजोबांची खोली होती.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची सुरुवातीची लक्षणे. प्रमाण वाढले की शुद्ध हरपते आणि झोपेतच मृत्यूही येऊ शकतो. ज्यांच्या घरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या विषबाधेत ते यंत्र फसवते. प्राणवायू कमी पडत असतानाही त्यावर आकडा चांगलाच दिसतो. म्हणून यंत्राकडे पाहत बसू नये. रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते.

त्या घराला औषध काय लागले? शटरची दुरुस्ती, आणि 'आधी शटर, गाडी बाहेर, मग इंजिन' हा नियम. आठवड्याभरात दोघांचीही डोकेदुखी थांबली. शटर अर्धे उघडे ठेवणेही पुरेसे नसते, हेही मी त्या मुलाला बजावले.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण या खोलीतील इतर अनेक धोके वासातून बोलतात. अडचण अशी की वयोमानानुसार घ्राणशक्ती मंदावते. कंपवात आणि स्मृतिभ्रंश या विकारांत तर ती फार आधीपासून कमी होऊ शकते. तेव्हा 'मला तर काही वास येत नाही' एवढ्यावर निश्चिंत राहू नका. आठवड्यातून एकदा घरातील तरुण नाकाला त्या खोलीत पाठवा.

कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर इन्व्हर्टरची बॅटरी पाहावी. बिघडलेली किंवा गरजेपेक्षा अधिक चार्ज होणारी बॅटरी असा वायू सोडते. शिवाय चार्ज होताना त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजनही निघतो. बॅटरी शक्यतो मोकळ्या हवेशी ठेवावी आणि असा वास आला तर कारागिराला बोलवावे. गटारासारखा वास असेल, तर जमिनीतील जाळीखालचे पाणी आटले असण्याचा संभव असतो. तेथे साचलेले पाणीच गटाराचा वायू अडवते. वापर नसलेल्या जाळीत अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, काडी ओढू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. दारे उघडून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास सर्वांत गंभीर. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणि उंदीर मारण्याचे झिंक फॉस्फाइड यांना ओल लागली की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे, प्राण यामुळे गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. राहत्या घराखालच्या धान्यात या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. उन्हात चांगले वाळवलेले धान्य, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची कोठी हा आपल्या आजीचा मार्गच येथे योग्य.

मेलेल्या उंदराचा वास तर सर्वांच्याच परिचयाचा. हातमोजे घालून, प्लास्टिकच्या पिशवीत तो उचलावा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, थोडा वेळ थांबून ओल्या फडक्याने पुसाव्यात. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो पायांच्या भेगांतून शरीरात शिरतो. मधुमेहींनी तेथे अनवाणी जाऊ नये. आणि एक कळकळीची सूचना: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दम्याच्या रुग्णाला तो काही क्षणांत बेजार करतो.

आता शटरविषयी. पावसाळ्यात पत्र्याला गंज चढतो, नंतर आपल्याकडची बारीक धूळ बाजूच्या पट्ट्यांत बसते आणि थंडीत जुने ग्रीस घट्ट होते. मग लोक त्यावर आणखी ग्रीस लावतात. त्याला आणखी धूळ चिकटते. योग्य रीत याच्या उलट आहे. जुना ब्रश आणि कोरडे फडके घेऊन पट्ट्या स्वच्छ कराव्यात, आणि मग पातळ मशीन ऑइलचे थोडेच थेंब पट्ट्यांत व कुलपात सोडावेत. दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास एकदा एवढे केले तरी हिवाळा सुखाने जातो. वरच्या नळकांड्यातील स्प्रिंग मात्र कारागिरावर सोपवावी; ती जोरात ताणलेली असते आणि सुटली तर हाड मोडते. खालच्या फटीला रबरी पट्टी लावली की उंदरांची वाट बंद होते. वरची जाळी मात्र उघडीच ठेवावी. हवा खेळायला हवी.

ज्येष्ठांनी जड शटर उचलू नये, हे मी आग्रहाने सांगतो. पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचित झालेल्या असतात; त्यात श्वास रोखून जोर लावला की हृदयावर एकाएकी ताण येतो. हाडे ठिसूळ असतील तर मणका दबू शकतो, हर्निया बळावतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. उचलणे भागच असेल, तर गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, श्वास न रोखता उचलावे. उचलताना छातीत दडपण आले, तर काम तेथेच सोडून मदत मागावी. गंजक्या पत्र्याने कापले, तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टरांकडे यावे.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना शेवटी एवढेच सुचवतो. या रविवारी ती खोली उघडा. शटर एका हाताने वर जाते का ते पाहा. आत अडकलेल्या माणसाला ते आतून उघडता येते का तेही पाहा. कोणता वास येतो, त्याचा माग काढा. आणि आई-वडिलांना विचारा, सकाळी डोके दुखते का? मी हा प्रश्न पंधरा दिवस उशिरा विचारला होता.