टर्बोची शिट्टी ऐकलीत?

देवरीहून रायपूरकडे निघालात आणि डिझेल गाडी पिकअप घेत नसेल, बॉनेटखालून शिट्टी येत असेल, तर टर्बोचार्जर तपासून घ्या. बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर टिकून असतो.

काळा धूर आल्यास आधी हवेचा पाइप फाटला आहे का, फिल्टर धुळीने तुंबला आहे का, ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे; गाडी रेटू नका. गळलेले ऑइलच इंधन बनून, चावी काढल्यावरही डिझेल इंजिन धावत सुटू शकते.

नवा टर्बो बसवण्याआधी ऑइलची नळी तपासा. ती तुंबलेलीच राहिली तर नवाही जाईल.