आठ वर्षांनी फुलणारी कारवी

बोरिवली व मुलुंड यांच्या मधल्या डोंगरांत, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कारवीची झुडपे विपुल आहेत. पावसाळ्यात तिच्या खरखरीत, दातेरी पानांनी उतार झाकून जातात; उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उभ्या दिसतात. या काटक्यांचे कूड विणून व शेणमातीने लिंपून घराच्या भिंती करण्याची रीत कोकणात जुनी आहे. कूड पाहिलेल्या मुलांनीही कारवीचे फूल बहुधा पाहिलेले नसते. असे का, हे त्यांस समजावून द्यावे.

कारवी आयुष्यात एकदाच फुलते. सात पावसाळे ती केवळ वाढते. आठव्या पावसाळ्यात, साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात, डोंगरावरील बहुतेक झुडपे एकदम जांभळ्या-निळ्या, घंटेच्या आकाराच्या फुलांनी भरून जातात. मधमाश्यांची तेथे झुंबड उडते. फळे धरली की झुडूप वाळून मरते. बी मात्र वाळल्या बोंडांत सुरक्षित राहते. पुढील वर्षी पहिला पाऊस पडताच बोंडे भिजून तडतड फुटतात, बी उडते व ओल्या मातीत रुजते. सारी झुडपे एकाच वर्षी फुलल्याने बी इतके होते की पाखरे व किडे खाऊनही पुष्कळ उरते, असे शास्त्रज्ञ मानतात. दक्षिणेतील नीलकुरिंजी ही कारवीचीच बहीण. ती बारा वर्षांनी फुलते. अंगणातील कोरांटी व अडुळसा हेही याच कुळातले; ते वर्गात दाखविता येतील.

या उद्यानात कारवी २००८, २०१६ व २०२४ साली फुलली. पुढील बहर २०३२ साली अपेक्षित आहे. इतर डोंगरांवरील वर्षे निराळी असू शकतात. ती गावातील वडीलधाऱ्यांस विचारून मुलांकडून लिहवून घ्यावीत.

आता मुलांस एक हिशेब घालावा. २०२४ च्या बहराचे बी २०२५ च्या पावसात रुजले. त्याच जूनमध्ये जे मूल पहिलीत आले, ते आणि ते रोप बरोबरीचे सवंगडी होत. मूल सातवी उत्तीर्ण होईल तेव्हा रोपाचे सात पावसाळे पुरे झालेले असतील, आणि ते आठवीत बसेल तेव्हा कारवी फुलेल. म्हणजे सातवीपर्यंतच्या शाळेत या मुलास हे फूल एकदाही दिसणार नाही. त्याची ओळख शिक्षकानेच करून दिली पाहिजे.

ही ओळख न झाल्यास काय होते? बहराच्या वर्षी हौसेने फांद्या तोडल्या जातात, झुडपे तुडविली जातात. जास्वंदीचे फूल खुडले तर उद्या दुसरे येते. कारवीचे खुडले तर त्या झुडपाला पुन्हा संधी नाही. जितकी फुले खुडली, तितके बी गेले.

म्हणून दर पावसाळ्यात जवळच्या टेकडीवरील एखादे झुडूप न तोडता मुलांना दाखवावे, त्याची उंची मोजवावी व वर्गाच्या वहीत नोंदवावी. ती वही दरवर्षी पुढील वर्गशिक्षकाकडे सोपवावी. बहर येईल तेव्हा ही मुले दुसऱ्या शाळेत असतील. पण त्या फुलाला हात न लावता ते कसे पाहावे, हे त्यांस ठाऊक असेल.