मुलाचें आधारपत्र व कागदांतील नांवांचा मेळ

घरांत मूल जन्मलें कीं बारसें, पाळणा, जावळ यांची जितकी आठवण घरच्या मंडळींस राहते तितकी त्या मुलाच्या कागदांची राहत नाहीं. पुढें मूल शाळेंत घालण्याची वेळ येते, शिक्षक आधारक्रमांक मागतात, बाप मुलाला घेऊन आधारकेंद्रावर जातो, आणि तेथील इसम जन्मदाखला व बापाचें कार्ड समोरासमोर धरून सांगतो कीं, हीं नांवें जुळत नाहींत. येथून जी पायपीट सुरू होते ती पेरणीच्या दिवसांतही थांबत नाहीं. यांतील बरीचशी पायपीट टाळतां येण्यासारखी असते, असें आमचें मत आहे. जी टाळतां येत नाहीं ती निदान योग्य दाराशीं जाऊन संपावी, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आधारक्रमांक देण्यास प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं झाला. त्यास कायद्याचा पाया २०१६ सालीं मिळाला. मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे व बुबुळांची छबी घेतात हें सर्वांस ठाऊक आहे. पांच वर्षांखालील मुलाचें मात्र केवळ छायाचित्र घेतात, आणि आई किंवा बाप यांपैकीं एकाचा आधारक्रमांक मुलाच्या नोंदीस जोडून त्या पालकाचा ठसा घेतात. हें कार्ड निळ्या रंगाचें असतें. म्हणजे लहान मुलाची ओळख ही दोन कागदांच्या सांगडीवर उभी असते. एक त्याचा जन्मदाखला आणि दुसरें पालकाचें आधारकार्ड. जन्मदाखल्यावर आईबापांचीं जीं नांवें आहेत तींच त्यांच्या कार्डावर असलीं तर काम एका फेरींत होतें. नसलीं तर अडतें.

अशा वेळीं कोणता कागद बदलावा, हा खरा प्रश्न आहे. शेतकऱ्यास तो सातबाऱ्याच्या उदाहरणानें चटकन उमजेल. सातबारा हा मूळ कागद नव्हे. त्यावरील नांवास फेरफाराचा आधार असतो, आणि तो फेरफार खरेदीखत, वाटणी, वारस अशा कशावर तरी झालेला असतो. सातबाऱ्यावर नांव चुकलें तर जाणता मनुष्य प्रथम फेरफार काढून पाहतो. फेरफार बरोबर असून उताऱ्यावर घेतांना चूक झाली असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखालीं ती लेखनदोष म्हणून दुरुस्त होते. फेरफारच चुकला असेल तर वाट निराळी. मुलाच्या कागदांतही हाच क्रम धरावा. जन्मनोंद हा त्याचा फेरफार. आधार, शाळेचें रजिस्टर, बँकेचें पुस्तक हे सगळे उतारे. लोक बहुधा उलट करतात. जो कागद लवकर बदलून मिळतो तो ते बदलतात, आणि चुकीच्या कागदाशीं बरोबर कागद जुळवून मोकळे होतात. मेळ बसतो खरा, परंतु तो चुकीचा बसतो.

जन्मनोंदीचें हें मूळपण आतां कायद्यानेंही पक्कें झालें आहे. जन्म व मृत्यु नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती झाली. ती ज्या दिवशीं अंमलांत आली, त्या १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढें जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन चालविण्याचा परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी आणि आधार या सर्वांसाठीं जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखला हाच राहील. आधारकार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०२४ सालीं म्हटलें आहे. पूर्वी शाळेंत नांव घालतांना मास्तर अंदाजानें १ जून ही तारीख टाकीत, आणि त्यामुळें अर्ध्या गांवाचा वाढदिवस एकाच दिवशीं येई. तो काळ गेला.

आतां नांवें कोठें व कशीं बिघडतात तें पाहूं.

पहिला बिघाड मुलाच्याच नांवाचा. इस्पितळांत मूल झालें म्हणजे तेथील प्रमुखानें २१ दिवसांच्या आंत खबर द्यावयाची असते. आणि आपल्याकडे नांव ठरतें बारशाला. त्यामुळें पुष्कळ नोंदी नांवाविनाच होतात. कायद्याच्या १४ व्या कलमानें असें नांव मागाहून भरतां येतें. नोंदणीपासून एक वर्षाच्या आंत फी नाहीं, त्यापुढें पंधरा वर्षांपर्यंत फी देऊन. कित्येक पालक हें न करतां तसाच दाखला घेऊन जातात, आणि मुलाच्या कार्डावर नांवाच्या जागीं 'बेबी ऑफ' अमुक असें आईचें नांव येतें. पांच वर्षांनीं तें मूल शाळेंत त्याच नांवानें हजेरी देऊं लागलें म्हणजे आईबाप जागे होतात. प्रथम नांव भरून दाखला नवा काढावा आणि मगच केंद्राची पायरी चढावी.

दुसरा बिघाड आईच्या नांवाचा. आमच्या मतें सर्वांत जास्त अडचणी येथेंच आहेत. पहिलें बाळंतपण माहेरीं होतें. माहेरच्या गांवच्या इस्पितळांत मुलीस तिच्या माहेरच्या नांवानें ओळखतात, तिच्या जुन्या कार्डावरही तेंच असतें, आणि तेंच नोंदींत जातें. इकडे सासरीं आडनांव बदललेलें, कित्येक घरांत तर लग्नांत पहिलें नांवही बदललेलें. म्हणजे एकीच बाई तीन कागदांवर तीन नांवांनीं वावरते. यांत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी ही कीं, जन्माची नोंद जेथें जन्म झाला तेथेंच होते. बापाच्या गांवच्या ग्रामपंचायतींत कितीही खेटे घातले तरी माहेरच्या गांवची किंवा तालुक्याच्या नगरपालिकेची नोंद तेथून दुरुस्त होणार नाहीं.

यावर उपाय लग्नाच्या वर्षींच करावा. विवाहाची नोंद करून दाखला घ्यावा, आणि सासरचें नांव लावावयाचें असल्यास पहिल्या बाळंतपणापूर्वीं आईचें आधार त्या दाखल्यावर बदलून घ्यावें. इस्पितळांत नांव सांगतांना कार्ड समोर ठेवून सांगावें, तोंडी सांगूं नये. ज्या आईस माहेरचेंच नांव ठेवावयाचें आहे तिनें तें खुशाल ठेवावें, कायद्याची हरकत नाहीं; मात्र मग सर्वत्र तेंच असावें. आणि मूल झाल्यावर ही विसंगति लक्षांत आली असेल तर तूर्त एक सोपी वाट आहे. आधारास एकाच पालकाची जोड लागते; बापाचें नांव दोन्हीं कागदांवर तंतोतंत असेल तर बापानें जावें. काम होईल. पण दाखल्यावरील आईच्या नांवाची गोष्ट त्यामुळें मिटली असें समजूं नये.

तिसरा बिघाड अक्षरांचा. आधाराच्या नोंदींत नांव इंग्रजी लिपींत व मराठींत असें दोन्हीं प्रकारें असतें, आणि इंग्रजीवरून मराठी यंत्रच तयार करतें. आपला 'ज्ञ' कोणी 'डी-एन-वाय' असा लिहितो, कोणी 'जी-वाय' असा. 'व' ला दोन अक्षरें, 'ई' ला एक किंवा दोन, 'श' कधीं 'स' होऊन बसतो. त्यांतच 'राव', 'बाई', 'भाऊ' हीं मानाचीं शेपटें. समजा, एका गृहस्थाचें नांव कार्डावर ज्ञानदेव, मुलाच्या दाखल्यावर ज्ञानदेवराव आणि सातबाऱ्यावर ज्ञानू आहे. गांवांत हे तिघे एकच, यंत्राला ते तीन. जुन्या दप्तरांत तर गांव ज्या नांवानें हाक मारी तेंच लिहीत, म्हणून दगडू व बाळू यांची तेथें रेलचेल आहे. मुलाचें नांव ठरतांनाच त्याचें इंग्रजी लेखन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावें आणि इस्पितळ, ग्रामपंचायत, केंद्र व शाळा या चारी ठिकाणीं तोच कागद दाखवावा. ही युक्ति फुकटची आहे आणि हिच्यासारखी दुसरी नाहीं.

येथें एका नव्या नियमाचा खुलासा करणें जरूर आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव मुलाचें, आईचें, बापाचें व आडनांव या क्रमानें लिहावयाचें आहे. त्यामुळें एकाच घरांत थोरल्याचें नांव तीन शब्दांचें व धाकट्याचें चार शब्दांचें दिसेल. दोन्हीं बरोबर आहेत. भावंडांचीं नांवें सारखीं दिसावींत म्हणून थोरल्याचे कागद बदलण्याच्या खटपटींत कोणी पडूं नये. त्यांतून नवी विसंगति मात्र उभी राहील.

जन्मनोंदींतच चूक असेल तर १५ व्या कलमाखालीं अर्ज करावा. निबंधक, म्हणजे खेड्यांत ग्रामपंचायतीचे अधिकारी, ज्यांस आपण अद्याप ग्रामसेवक म्हणतों, मूळ नोंद खोडीत नाहींत. समासांत दुरुस्ती लिहून सही व तारीख घालतात. जुनी नोंद तशीच दिसत राहते, आणि तें योग्यच आहे. अक्षराची किंवा नुसती लेखनाची चूक असेल तर निबंधकाची खात्री पटणें पुरे. चूक महत्त्वाच्या मजकुराची असेल, उदाहरणार्थ तारीख किंवा बापाचें नांव, तर खरी हकीकत जाणणाऱ्या दोन विश्वासू इसमांचें निवेदन लागतें. सोबत इस्पितळाचा कागद, आईबापांचे शाळा सोडल्याचे दाखले, विवाहाचा दाखला जोडावा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तेथून उठूं नये. मात्र चूक व बदल या दोन गोष्टी भिन्न आहेत. नांव आवडेनासें झालें म्हणून बदलणें ही चूक नव्हे. त्यासाठीं सरकारी राजपत्राची वाट आहे.

जन्माची नोंदच झाली नसेल तर प्रकरण जड आहे. एक वर्षाहून अधिक उशीर झाल्यास जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनीं अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाहीं. घरीं झालेल्या जन्माची खबर कुटुंबप्रमुखानें द्यावयाची असते, हें वाड्या-वस्त्यांवरील मंडळींनीं विसरूं नये.

शाळेचा प्रकार आणखी चमत्कारिक. शाळा म्हणते, आधाराप्रमाणें नांव लिहूं. आधारकेंद्र म्हणतें, दाखल्याप्रमाणें लिहूं. रजिस्टरांत एखादें अक्षर चुकलें तर शिक्षकच सुचवितात कीं आधार बदलून आणा, म्हणजे संगणकावर जुळेल. हा सल्ला कृपा करून मानूं नये. आधारांत नांव जन्मांत दोनदां व जन्मतारीख एकदांच बदलतां येते. त्यांतील एक संधि शाळेच्या चुकीवर खर्च करणें शहाणपणाचें नव्हे. जन्मदाखल्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि रजिस्टर दुरुस्त करून घ्यावें. मूल त्या शाळेंत शिकत आहे तोंवरच हें सोपें आहे. शाळा सोडल्याचा दाखला हातीं पडल्यावर तीच दुरुस्ती फार दुर्घट होते.

कोणी म्हणेल, एका अक्षरासाठीं एवढा खटाटोप कशाला? जमीनधारकास याचें उत्तर स्वतःच्या सातबाऱ्यांतच मिळेल. बाप अकालीं वारला तर वारसांत अज्ञान मुलाचें नांव लागतें आणि त्यापुढें 'अ. पा. क.' म्हणून पालनकर्त्याचें नांव येतें. मूल अठरा वर्षांचें झालें म्हणजे वयाचा पुरावा देऊन तो शेरा कमी करून घ्यावयाचा असतो. त्या दिवशीं दाखल्यावर एक नांव, आधारावर दुसरें व सातबाऱ्यावर तिसरें निघालें तर आपल्याच बापाच्या जमिनीवर आपण तोच मुलगा आहों हें सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येते; आणि साक्ष देणारा बाप तर हयात नसतो. शेतकरी ओळखपत्र, किसान सन्मानाचे हप्ते हीं सर्व आधाराशीं जोडलीं गेल्यापासून ही अडचण वाढली आहे, कमी झालेली नाहीं. मुलीच्या बाबतींत तर दुहेरी काळजी घ्यावी. लग्नानंतर तिचें नांव बदललें, तर माहेरच्या जमिनींतील तिचा वारसा सांगणारा कागद तिचा जन्मदाखलाच असतो.

केंद्रावर जातांना जन्मदाखल्याची मूळ प्रत, पालकाचें आधारकार्ड आणि वर सांगितलेला इंग्रजी लेखनाचा कागद न्यावा. मुलाची पहिली नोंदणी विनाशुल्क आहे. कोणी पैसे मागितल्यास १९४७ या क्रमांकावर तक्रार करतां येते. यंत्रावर भरलेला मजकूर पालकांस दाखविण्याची पद्धत आहे. तो दोन्हीं लिप्यांत अक्षर न् अक्षर वाचावा, घाई करणाऱ्या रांगेकडे पाहूं नये. मूल पांच वर्षांचें झाल्यावर व पुन्हा पंधरा वर्षांचें झाल्यावर त्याचे ठसे द्यावे लागतात. पांच ते सात व पंधरा ते सतरा या वयांत त्यास फी नाहीं. सात वर्षें उलटूनही पहिले ठसे दिले नाहींत तर क्रमांक बंद पडूं शकतो. नोंदणी झाल्यावर जी पावती मिळते तीवर चौदा आंकडी क्रमांक, तारीख व वेळ असते. कार्ड येईपर्यंत, आणि आल्यावरही, ती जन्मदाखल्याच्या मागें टांचून ठेवावी.