झिपरू कुठे मोकला?

‘झिपरू टमणात गडफून मोकला.’ या वाक्याला काडीचाही अर्थ नाही. तरी विचारून बघा. झिपरू कुठे मोकला? टमणात. कसा मोकला? गडफून. दोनपैकी दोन गुण!

इंग्रजीच्या पेपरात उताऱ्यावरचे कितीतरी प्रश्न आपली मुले अशीच सोडवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि सापडला की ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायचे. यात मुलांचा दोष नाही. प्रश्नाला उचलेगिरीच पुरेशी असेल, तर मूल दुसरे काय करणार? आता दुसरा प्रकार घ्या. आजोबांनी दारातच छत्री झटकली, ओल्या चपला बाहेर ठेवल्या, एवढेच उताऱ्यात आहे. प्रश्न असा, की बाहेर काय चालले होते? ‘पाऊस’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. हे उत्तर उचलता येत नाही, समजावेच लागते.

दक्षिण कोरियातली ‘सुनुंग’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा अशाच प्रश्नांवर उभी आहे. इंग्रजीला ७० मिनिटांत ४५ प्रश्न. परिच्छेदातले उपरे वाक्य ओळखा, विस्कटलेले परिच्छेद क्रमाने लावा, गाळलेल्या जागी नेमका विचार बसवा, असे वाचनाचे प्रश्न असतात. पण त्याआधीचे १७ प्रश्न ऐकण्याचे, आणि त्यातले पहिले १५ एकदाच ऐकवले जातात. निसटले ते निसटले. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी १.०५ ते १.४० या वेळात देशभर विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवतात, ते मुलांना ध्वनिफीत नीट ऐकू यावी म्हणून. त्या एका दिवसाचे कोरियन मुलांवर येणारे दडपण मला मुळीच नको आहे. मुलाच्या कानापर्यंत शब्द स्वच्छ पोचावा यासाठी अख्खा देश थांबतो, ती काळजी मात्र हवी आहे.

कारण ऐकणे हे वाचनापेक्षा वेगळेच काम आहे. मराठी माध्यमातले मूल इंग्रजी शिकते ते डोळ्यांनी. नववीच्या वर्गात मी एकदा पुस्तके मिटायला लावून चार ओळी नेहमीच्या बोलण्याच्या गतीने वाचल्या. एका मुलीने विचारले, “सर, पिकिटप म्हणजे काय?” ‘पिक’, ‘इट’, ‘अप’ हे तिन्ही शब्द तिला पहिलीपासून येत होते. फळ्यावर लिहिले असते तर तिने अर्थ चटकन सांगितला असता. बोलताना ते एकमेकांत मिसळले आणि तिला परके झाले. ‘कम्फर्टेबल’चेही तेच. स्पेलिंग तोंडपाठ असते, पण समोरचा ‘कम्फ्टबल’ म्हणून गेला की मूल गोंधळते. उद्या मुलाखतीत किंवा फोनवर तिला हेच ऐकावे लागणार आहे.

जपानने प्रवेशपरीक्षेत ऐकण्याची चाचणी २००६ मध्ये आणली, आणि प्रत्येक परीक्षार्थीच्या हाती ऐकण्याचे छोटे यंत्र दिले. मागच्या बाकावर आवाज कमी आला, अशी तक्रार नको. २०२१ पासून तिथे वाचनाला १०० आणि ऐकण्यालाही १०० गुण आहेत. त्याच सुमारास खासगी संस्थांच्या इंग्रजी चाचण्या प्रवेशासाठी धरण्याचेही ठरले होते. त्यांचे शुल्क आणि दूरची केंद्रे खेड्यातल्या, गरीब घरच्या मुलांना परवडणार नाहीत, यावर देशभर वाद पेटला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने तो बेत थांबवला.

आपल्याकडे दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातात आहेत. श्रवण आणि भाषण यांची परीक्षा याच २० गुणांत होते. २०१९ मध्ये भाषांचे हे अंतर्गत गुण काढले, त्या वर्षी राज्याचा निकाल आधीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रम हेही त्याचे एक कारण होते, पण आरडाओरड झाली ती या २० गुणांसाठी आणि पुढच्या वर्षी ते परत आले. गुण परत आले याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की त्या गुणांमागे मुलाने खरोखर काही ऐकले का, हे कोणी विचारत नाही. अनेक शाळांत श्रवणाची परीक्षा म्हणजे गुणांच्या तक्त्यातला एक भरलेला रकाना असतो.

मंडळाने दहा मिनिटांचे एकच ध्वनिमुद्रण सगळ्या शाळांना द्यावे. आवाज आपल्याच माणसांचा, गती नेहमीची, आणि प्रत्येक संवाद दोनदा. एवढ्यासाठी ना शुल्क लागते, ना दूरचे केंद्र. शाळेत एक बरा स्पीकर पुरतो. ते होईपर्यंत इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तासाची शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटायला सांगा, एक छोटी गोष्ट वाचून दाखवा आणि काय झाले ते मुलांना सांगू द्या, मराठीत सांगितले तरी चालेल.