अक्षर दिसते एक, साठते दुसरेच

‘देवरी’ हे नाव कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप करायचे तर बोटे एन, एस, ओ, जे, एच या कळांवर पडतात. पडद्यावर देवरी उमटते, फाइलमध्ये मात्र ती पाच रोमन अक्षरेच साठतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की गावाचे नाव गायब. मुंबई-कोलकाता महामार्ग छत्तीसगडात शिरण्याआधीचे हे तालुक्याचे गाव. शेजारी हिंदी मुलूख, आणि तिकडे कृतीदेवचीच चलती. अशा गावांत अर्ज, प्रतिज्ञापत्रे, ग्रामसभेचे ठराव, लग्नपत्रिका असे सगळे काही वर्षानुवर्षे याच रीतीने टाइप झाले.

यात टंकलेखकांचा दोष नाही. संगणकात मराठीला स्वतःची जागा नव्हती, म्हणून ज्याने त्याने रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी आणली, सी-डॅकने आयएसएम. प्रत्येकाची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येईना. प्रमाण संकेत तेव्हाही होता. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की संकेताला मान्यता दिली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातला देवनागरीचा १२८ जागांचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. पण छापखान्यांना सुबक वळण हवे होते आणि ते फॉन्टवाल्यांकडे होते. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट घरोघरच्या संगणकांवर येऊ लागला, तोवर तालुक्यातालुक्यांत जुन्या फायलींचे ढीग साचले होते.

नवे सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास पुरतो. खरे काम असते ते जुना मजकूर नव्या संकेतात आणण्याचे. देवरी तालुक्यातले चिचगड घ्या. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टाइप करतात, म्हणजे आधी पहिली वेलांटी, मग च. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो, आधी च, मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. सातबाऱ्यावरच्या ‘भोगवटादार वर्ग २’ मधल्या ‘वर्ग’चा रफार कृतीदेवमध्ये ग नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याचा र ग च्या आधी येतो. परिवर्तक हा फेरफार करतात, पण जोडाक्षरांच्या गर्दीत कुठेतरी वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. ती चूक आडनावात झाली तर माणूस कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो. म्हणून परिवर्तित मजकूर कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

युनिकोड आल्यावरही संकेतांचे भांडण पूर्ण मिटलेले नाही. ‘शेतकऱ्याला’ किंवा ‘वऱ्हाडे’ यातला आडवा अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह, दुसरीत टिंब असलेला ऱ आणि हलन्त. जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून युनिकोडने दोन्ही रीती चालू ठेवल्या. पडद्यावर तसूभर फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. खास सोय केलेली नसेल तर एका रीतीने साठवलेले वऱ्हाडे दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाहीत. वकिलांच्या नावाआधीच्या ‘ॲड.’ मधल्या ॲ ची गतही तशीच. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये मिळाली; त्याआधी तो अ आणि चंद्र जोडून लिहीत.

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली. ल आणि श कसे काढावेत यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच होते. पण वळण फॉन्ट बदलून सुधारता येते, साठवण नाही. तिच्याविषयी इतक्या हिरिरीने कोणी बोलत नाही, याचे मला दुःख आहे.

प्रोग्रामर मंडळींचेही असेच वाद झाले. कोडच्या ओळी टॅबने आत सरकवाव्या की स्पेसने, यावर वर्षे गेली. पायथॉनवाल्यांनी २००१ मध्ये पेप-८ ही शैलीची नियमावली लिहून चार स्पेस सुचवल्या. गो भाषेने २००९ पासून तो निर्णय माणसांकडून काढूनच घेतला; गोएफएमटी नावाचे साधन सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसवून देते. कोणाची आवड जिंकली हा प्रश्नच उरला नाही. मराठीला अशाच साधनाची गरज आहे. मजकूर साठवतानाच ते अर्धा र एकाच रीतीने लिहील, आणि ती रीत टिंबवाल्या ऱ ची असावी, कारण न दिसणारे चिन्ह कॉपी-पेस्ट करताना सहज गळून पडते.

मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देऊन रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळफलकावर हात बसवलेल्यांना नवा कळफलक शिकायला लावण्याचे कारण नाही. रेमिंग्टनच्याच मांडणीने युनिकोड टाइप करता येते. देवरीत आणि इतर तालुक्यांत ज्यांच्याकडे जुने संगणक पडून आहेत त्यांना एवढीच विनंती: यंत्र भंगारात देण्याआधी फायली उतरवून घ्या, प्रत्येक फोल्डरवर फॉन्टचे नाव लिहा, आणि परिवर्तन झाले तरी मूळ फाइल पुसू नका.